सरस सर आणि हंगेरीचं डुक्कर

आमच्या चित्रकलेच्या सरांचा वास त्यांच्या आधी वर्गात यायचा. सर जिन्यात असतानाच पहिल्या बाकावरच्या मुली नाकाला रुमाल लावायच्या, आणि तास संपल्यावरही तो वास खिडकीशी रेंगाळत राहायचा. सडक्या कातड्याचा, खुरांचा, जुन्या हाडांचा वास. सर रंग स्वतः तयार करायचे. गेरू, पिवडी, नीळ, काजळी असे पुडीतले रंग सरसात घोटायचे. आणि सरस म्हणजे जनावरांची कातडी नि हाडं उकळून काढलेला चिकट गोंद. शाळेच्या मागं एक पत्र्याची खोली होती. तिथं कोळशाच्या शेगडीवर, डालड्याच्या डब्यात तो दिवसभर रटरटत असायचा. म्हणून ते सरस सर. त्यांचं खरं आडनाव हजेरीच्या पटावर असणार, पण ते कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही.

मला लहानपणापासून किळस फार. दुधावरची साय, मोरीतलं ओलं फडकं, कंगव्यात अडकलेले दुसऱ्याचे केस, कशानंही माझ्या पोटात ढवळायचं. आमच्या औरंगपुऱ्यातल्या घरी सोवळं कडक होतं, त्यामुळं या किळसेचं कौतुकच व्हायचं. "पोरगी स्वच्छ आहे," असं अण्णा, म्हणजे माझे वडील, पाहुण्यांना सांगायचे. सरांच्या पहिल्याच तासाला मी तो डबा बघून तोंड फिरवलं आणि मोठ्यानं "शी!" म्हणाले. सर चिडले नाहीत. म्हणाले, "शी म्हणायचं तर म्हणा बाई, पण आधी बघा. न बघता शी म्हणणं म्हणजे न चाखता भाजीत मीठ कमी म्हणणं." त्यांनी मला डब्याशी उभं केलं. मी श्वास रोखून आत पाहिलं आणि मग धावत बाहेर जाऊन ओकले. तोंड धुऊन परत आले तर सरांनी विचारलं, "रंग कंचा होता?" मी म्हणाले, "मधासारखा." "मग झालं तर. बघितलंत तुम्ही. आता खुशाल शी म्हणा."

शिक्षकांच्या खोलीत सरांची खुर्ची दाराबाहेर, चपलांजवळ असायची. वासामुळं, असं सगळे म्हणायचे. पण प्यायला पाणी मागितलं तर शिपाई त्यांच्या ओंजळीत वरून धार सोडायचा, ते कसल्या वासामुळं? सर गंगापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरातले. पण कातड्याला हात लावतात म्हटल्यावर त्या खोलीत त्यांची जात सोयीनं विसरली जायची. त्यात त्यांचं शिक्षण निजामाच्या काळात, हैदराबादेला, उर्दूतून झालेलं. पोलीस ॲक्शननंतर शाळा मराठी झाली तेव्हा सरांनी भरल्या वयात बाराखडी गिरवली. फळ्यावर त्यांची वेलांटी चुकली की मराठीचे मास्तर मुलांसमोर हसायचे. आमचे हेडमास्तर तंबाखू खायचे. त्यांच्या टेबलाखाली एक पिकदाणी असायची, तिच्या कडेवर पिवळट ओघळ वाळलेले. बोलता बोलता ते खाली वाकायचे, थुंकायचे, आणि मिशीला लागलेलं बोटानं पुसून तेच बोट आमच्या वहीच्या पानावर ठेवायचे. आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की मला घास गिळवत नाही. पण त्यांना कधी कुणी शी म्हटलं नाही.

सरांनाही किळस येत असे, पण वेगळ्या गोष्टींची. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी, एक नारळाचं झाड असं चित्र कुणी पुढं केलं की सर चक्क स्वतःचं नाक चिमटीत धरायचे. आख्ख्या शाळेनं ज्यांच्यामुळं नाक धरावं तेच! "हे घर कुणाचं?" ते विचारायचे. मूल बोटानं झोपडी झाकायचं. "नारळाचं झाड कुठं बघितलंत? पैठण गेटला की शहागंजात?" मूल दुसऱ्या हातानं नारळ झाकायचं. "न बघितलेलं काढलं की कागद नासतो, गड्या. लई घाण वास येतो त्याला. उद्या तुमच्या घरचं काढून आणा. जे हाय ते."

एकदा सर आम्हाला वेरूळला चित्रं काढायला घेऊन गेले. लेण्यांच्या आवारात आम्ही फतकल मारून बसलो होतो. तिथं एक परदेशी बाई आल्या. पिंगट केसांच्या, उन्हानं नाक सोललेलं. त्या हंगेरी नावाच्या देशातल्या, तिथल्या एका खेड्यात शाळामास्तरीण. कैलास लेण्याकडं पाठ करून त्या बराच वेळ आमची चित्रं बघत बसल्या. त्यांचं इंग्रजी मोडकं आणि सरांचं त्याहून मोडकं, म्हणून दोघांचं छान जमलं. हातवारे करून त्यांनी ठरवलं की त्यांच्या मुलांनी तिथल्या सणांची, रीतींची चित्रं आम्हाला पाठवायची आणि आम्ही आमची त्यांना. परतताना बसमध्ये सर लहान पोरासारखे खिडकीतून हात बाहेर काढून बसले होते.

काही महिन्यांनी जाड खाकी पुडकं आलं. सरांनी ते आमच्यासमोर फोडलं. पहिल्याच चित्रात मुलं मुलींवर बादल्यांनी पाणी ओतत होती आणि मुली किंचाळत होत्या. वर्ग ओरडला, "रंगपंचमी!" सरांनी मागची इंग्रजी ओळ अक्षर लावून वाचली. त्यांच्याकडं ईस्टरच्या सणाला मुलगे मुलींना असं भिजवतात आणि मुली त्यांना रंगवलेली अंडी देतात. दुसऱ्या चित्रात शिंगांचे लाकडी मुखवटे घातलेली, केसाळ कातडी पांघरलेली माणसं थंडी पळवायला निघाली होती. चितेगावचा भगवान म्हणाला, "सर, ह्ये तर आमच्याकडच्या सोंगावानीच हाय." भगवान शेतकऱ्याचा मुलगा, शाळेसाठी उस्मानपुऱ्यात मामाकडं राहायचा. आम्ही खूश होतो. एवढ्या लांबचे लोक आपल्यासारखेच निघाले, म्हणून बरं वाटत होतं.

मग तिसरं चित्र निघालं. पांढराशुभ्र बर्फ आणि त्यात एक मेलेलं डुक्कर. पोट उभं चिरलेलं, आतडी बाहेर, त्यातून वाफा निघतायत. बाह्या वर सारलेले पुरुष. एक बाई गळ्याखाली परात धरून रक्त गोळा करतेय. काढणाऱ्यानं लाल रंग जराही हातचा राखला नव्हता. वर्गभर "शी! ईऽऽ!" झालं. दोन मुली बाहेर पळाल्या.  कागदालाच वास येतोय असं मला वाटलं, आणि मी डोळे मिटून घेतले.

"झालं शी म्हणून?" सरांनी विचारलं. "आता बघा."

त्यांनी ते चित्र फळ्याला टाचून ठेवलं आणि आम्हाला एकेक करून त्याच्यापुढं उभं केलं. माझी पाळी आली तेव्हा मी डुकराकडं बघायचं टाळून कडेकडेनं बघत राहिले. कडेला घर होतं, घराला खिडकी होती, आणि खिडकीत एक मुलगी होती. तिनं दोन्ही हातांनी कान घट्ट दाबून धरले होते.

"सर," मी म्हणाले, "हिला पण आवडलेलं नाही."

सरांनी चित्र उलटं करून नाव वाचलं. इलोना. ती खिडकीतली मुलगी तीच असणार. तिच्या गावी दर हिवाळ्यात घरोघर डुक्कर कापतात, शेजारीपाजारी मदतीला येतात आणि त्यावर थंडीचे महिने निघतात, असं मागं लिहिलं होतं. सर म्हणाले, "या पोरीला किळस आली तरी बी तिनं पुरतं बघितलं आणि पुरतं काढलं. परात सोडली नाय, वाफ सोडली नाय, स्वतःला बी सोडलं नाय. आता तुम्ही तुमच्या घरची रीत काढा. कुणी दिवाळीच्या पणत्या काढल्या तर मी पुन्हा नाक धरीन."

भगवाननं गावच्या जत्रेतला बोकड काढला. मान वेगळी, धड वेगळं, आणि बाजूला त्याचा आजा कपाळाला रक्त लावून हात जोडून उभा. एका मुलानं अंगावर आसूड ओढून घेणारा पोतराज काढला. मी काय काढावं हे मला बराच वेळ सुचलं नाही. आमच्या घरी रक्त नव्हतं, असं मला तेव्हा वाटत होतं. मग मी आईला काढलं. महिन्यातून चार दिवस ती मागच्या पडवीच्या कोपऱ्यात घोंगडीवर बसायची. तिला कुणी शिवायचं नाही. चुकून शिवलं तर आंघोळ. आत आमची पंगत बसायची आणि तिला पोचे आलेल्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, थाळीत लांबून वाढलं जायचं. का, असं विचारलं की उत्तर मिळे, "तिला कावळा शिवला." म्हणून मी तिच्या डोक्यावर एक भलामोठा कावळा काढला, पंख पसरलेला, आणि मन लावून काजळीनं रंगवला. सरांनी ते चित्र खिडकीशी नेऊन बघितलं. मग एवढंच म्हणाले, "कावळा लई मोठा झालाय. पण असू द्या. एवढा मोठाच असंल तो."

चित्रं पाठवण्याआधी त्यांचं प्रदर्शन भरवायचं आणि त्याला शिक्षण खात्यातल्या एका साहेबांना बोलवायचं, असं हेडमास्तरांच्या मनात आलं. त्यांनी चित्रं मागवून घेतली, आणि मग मला खोलीत बोलावलं. टेबलावर माझं चित्र होतं.

"हा कावळा कशाला?"

"आईला शिवतोय," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा असा झाला, जणू मीच त्यांच्या अंगावर काही टाकलं. ते वाकले, पिकदाणीत थुंकले आणि म्हणाले, "किळसवाणं! परदेशात देशाची अब्रू घालवायला निघालात?" मला बाहेर उभं करून त्यांनी अण्णांना त्यांच्या कचेरीतून बोलावून घेतलं.

अण्णा ते चित्र घडी करून घरी घेऊन आले.  नेमकी तेव्हा आई बाहेर बसलेली होती. पडवीत जाऊन त्यांनी कागद लांबूनच तिच्यापुढं फेकला. "बघा, कन्येनं तुमची कीर्ती सातासमुद्रापार पाठवायला काढली होती!" आईनं तो उचलला, उलगडला, मांडीवर सारखा केला. मी दारात उभी. ती बघत राहिली. मग म्हणाली, "माझं नाक एवढं मोठं आहे का गं?" आणि थोड्या वेळानं, "थाळीचा पोचा मात्र बरोबर काढलास."

"फाडा तो!" अण्णा ओरडले.

"कशाला? पोरीनं काढलंय."

अण्णा हात पुढं करून झपकन दोन पावलं गेले आणि थांबले. तिच्या हातातला कागद आता विटाळलेला होता. तो हिसकावायचा तर शिवाशिव झाली असती. ते तसेच हात पुढं करून उभे राहिले, रागानं लाल, आणि एका कागदाला बोट लावू शकत नव्हते. त्या क्षणी मला जी शिसारी आली तशी डुकराच्या आतड्यांची आली नव्हती. अण्णा मागं फिरल्यावर आईनं चित्र माझ्याकडं धरलं. "घे. आंघोळ करावी लागली तर कर. आणि उद्या हे तुझ्या चित्रकलेच्या मास्तरांना नेऊन दे."

प्रदर्शनाच्या दिवशी भिंतीवर आमचं एकही चित्र नव्हतं. मराठीच्या मास्तरांनी आठवडाभर मुलांना बसवून कॅलेंडरवरून उतरवून घेतलेली लक्ष्मी होती, मोर होते, पणत्या होत्या. भगवान धापा टाकत सरांकडं आला. शिपाई मागच्या बाजूला साहेबांसाठी चहा करत होता आणि विस्तव पेटवायला आमची चित्रं चुलीत सारत होता. भगवाननं आपला बोकड जळताना पाहिला होता. सर मागं गेले, बघून आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

साहेब बशीतून चहाचे घोट घेत, चित्रं बघत सरांपाशी आले. "वा! काय सफाई आहे! तुमचेच विद्यार्थी ना, मास्तर?"

"नाय साहेब," सर म्हणाले. हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पोरांनी यातलं कायबी बघितलेलं नाय, नुसतं उतरवलंय. पोरांनी काढलेली चित्रं चुलीत घातली. आत्ता तुम्ही पिताय ना, तो चहा त्यांच्यावरच उकळलाय."

साहेबांनी बशी खाली ठेवली नाही. तेच मला सगळ्यात ओंगळ वाटलं. त्यांनी एकदा हेडमास्तरांकडं पाहिलं, जरा हसल्यासारखं केलं आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

पुढं व्हायचं ते झालं. मुलांच्या प्रकृतीला दुर्गंधीचा अपाय होतो, असं कारण दाखवून सरांना काढलं. पत्र्याची खोली रिकामी केली, रंगांचे डबे नाल्यात नेऊन ओतले. नाल्याचं पाणी थोडा वेळ निळं, मग तांबडं झालं, आणि पोरं पुलावरून ते बघायला जमली. हंगेरीला शाळेच्या शिक्क्यासह लक्ष्म्या आणि मोर गेले. पण सरांनी आपल्या भाड्याच्या खोलीवरून वेगळं पुडकं पाठवलं. त्यात माझं चित्र होतं. मागं सरांनी मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की ही या मुलीची आई, हिला महिन्यातून चार दिवस वेगळं बसून जेवावं लागतं. आणि भगवानचा बोकडही होता. सरांनी त्याला विचारलं होतं, "गड्या, पुन्हा काढशील?" त्यावर तो म्हणाला होता, "काढतो की. बोकड काय एकदाच कापत्यात व्हय?"

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका सकाळी सर आमच्या घरी आले. परभणीकडं एका शाळेत त्यांना काम मिळालं होतं आणि ते शहर सोडून चालले होते. अण्णा ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी सरांना बसा म्हटलं नाही. सर उभेच राहिले आणि पिशवीतून एक गुंडाळी काढून म्हणाले, "पोरीसाठी आलंय. इलोनानं धाडलंय."

आई पदराला हात पुसत बाहेर आली. मी गुंडाळी उलगडली. एक लांबलचक टेबल होतं. त्याभोवती पिंगट केसांची माणसं बसली होती, बाह्या वर सारलेले तेच पुरुष, परात धरणारी तीच बाई. आणि मधोमध, त्या बाईच्या शेजारी, नऊवारी नेसलेली, मोठ्या नाकाची माझी आई. इलोनानं तिला माझ्या चित्रातून जशीच्या तशी उचलून आपल्या घरी नेऊन बसवलं होतं. पुढ्यात पोच्यांची थाळी होती, थाळीत काही तांबूस गुंडाळ्या रचलेल्या होत्या, आणि त्यातली एक चोचीत धरून कावळा टेबलावर ऐटीत बसला होता.

"हे काय वाढलंय मला?" आईनं विचारलं.

मी पटकन म्हणाले, "भोपळा."

"खोटं बोलू नकोस. तूच सांगितलं होतंस ना, हिच्या गावचं? डुकराचं आहे ते." तिनं पदर नाकाला लावला. "शी!" अण्णांनी वर्तमानपत्र मिटलं. पण आईनं कागद सोडला नव्हता. तिचे डोळे भरून आले. सरांकडं बघत ती म्हणाली, "पण पंक्तीत बसवलं हो तिनं मला."

 आई त्यांना म्हणाली, "आत या. जेवून जा." अण्णा उठून उभे राहिले. "आत?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "मग काय, ओट्यावर वाढू?" सरांनीच नको म्हणून मान हलवली. गाडीची वेळ झाली होती म्हणाले. ती खरंच झाली होती की नाही, मला माहीत नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पिशवी खांद्याला लावून गेले. नंतर ते मला कधी भेटले नाहीत. परभणीकडच्या त्या शाळेतून ते निवृत्त झाले आणि तिकडंच वारले, हे मला भगवानकडून फार उशिरा कळलं. आता माझ्या पुंडलिकनगरच्या घरी कुणी भिंतीवरची इलोनाच्या चित्राची तसबीर बघून विचारलं, की हे कसलं विचित्र जेवण, तर मी सगळं सांगते. काहीजण तोंड वाकडं करतात. मला त्यांचा वीट येतो.

सर निरोप घेऊन गेले त्याच महिन्यात आई पुन्हा बाहेर बसली. संध्याकाळी आमची पानं मांडली होती. अण्णांनी ताटाशेजारी चित्राहुती घातल्या, एवढ्यात पडवीत भांड्याचा आवाज झाला. आई आपली थाळी घेऊन आत आली, पंक्तीच्या शेवटी भिंतीजवळ जमिनीवर बसली, आणि स्वतःच्या हातानं भात वाढून घेऊ लागली. स्वयंपाकघरात कुणी हललं नाही. अण्णा भरल्या ताटावरून उठले. दारात थांबून त्यांनी वाट पाहिली. आईनं भातावर वरण घेतलं, कालवलं आणि पहिला घास खाल्ला.  अण्णा निघून गेले तरी ती जेवत राहिली.

मी माझं ताट उचललं आणि तिच्या शेजारी, तिच्या मांडीला मांडी लागेल अशी, जाऊन बसले.